नात्यांचा तास आणि त्याची पारख

13 फेब्रुवारी 2020 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे इथे मुलींच्या एका महाविद्यालयात विद्यार्थिनींना शपथ देण्यात आली: प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. दहा दिवस आधी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं होतं आणि 10 तारखेला तिचा मृत्यू झाला होता. सगळा वऱ्हाड हादरलेला होता. त्या शपथेत हुंडा मागणाऱ्याशी लग्न न करण्याचाही शब्द होता, हे टीका करणाऱ्यांपैकी बरेच जण विसरले. मुली सुरक्षित राहाव्यात एवढीच शपथ देणाऱ्यांची तळमळ असावी. वाद गाजला तो मुलींनाच शपथ का, मुलांना का नाही यावर, आणि तो रास्तच होता. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न हरवला. अशी शपथ घेतलेली मुलगी पुढच्या वर्षभरात अधिक निर्धास्त राहते का? कुणी मागे लागलं तर ती घरी सांगते, की शपथ मोडल्याचा ठपका येईल म्हणून आणखीच गप्प बसते? हा प्रश्न मोजून पाहता येण्याजोगा आहे. शपथेला तो लागू होतो तसा तिच्याऐवजी जे काही शिकवायचं त्यालाही लागू होतो.

शाळांमध्ये असं काही शिकवायची वेळ आता आलीच आहे. फेब्रुवारी 2020 मध्येच केंद्र सरकारचा शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आणि आठवड्याला एक तास अकरा विषयांसाठी द्यायचा, अशी रचना आहे. परस्परांतली नाती, भावनिक स्वास्थ्य, लिंगभाव समानता आणि हिंसेपासून सुरक्षितता हे त्यातलेच विषय. म्हणजे तुम्ही मुख्याध्यापक असाल, अकरावी-बारावीला शिकवत असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल किंवा एखाद्या संस्थेतर्फे शाळांमध्ये सत्रं घेत असाल, तर हा तास तुमच्या दारात उभा आहे. माझं म्हणणं असं की हा तास जरूर घ्यावा, पण त्याने मुलांचं बरं होतं हे गृहीत धरू नये. बरं होतं की नाही ते तपासायची सोय पहिल्या दिवसापासून त्यातच बांधून घ्यावी. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत ते कसं करता येईल, हे इथे मांडतो.

या तासात काय यावं, ते आधी स्पष्ट असायला हवं. शरीराची आणि प्रजननाची माहिती हा वेगळा, आवश्यक विषय आहे. महाराष्ट्रात 2007 मध्ये पौगंडावस्था शिक्षणावरून जे रान उठलं आणि ज्यातून तो कार्यक्रम बंद पाडला गेला, ते त्या माहितीवरून आणि तिच्या चित्रांवरून. नात्यांच्या तासाचा गाभा निराळा आहे. काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते. मोबाइलचा पासवर्ड मागणं, दिवसभर ‘कुठे आहेस’ विचारत राहणं, मैत्रिणींपासून तोडणं याला प्रेम म्हणायचं का. नकार कसा द्यायचा, आणि त्याहून अवघड म्हणजे मिळालेला नकार कसा पचवायचा. मैत्री तुटली तर त्या रात्री काय करायचं. फोटो पसरवण्याची धमकी आली तर कुणाकडे जायचं. एकतर्फी प्रेमातून होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. त्या वाचणाऱ्या कुठल्याही आईबापाला यातला एकही मुद्दा परका वाटू नये.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. असं शिकवल्याने मुलांची मतं बदलतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. मुंबईत 2008 ते 2010 या काळात ‘जेम्स’ नावाचा उपक्रम 45 शाळांमध्ये झाला. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी तो राबवला. काही शाळांत वर्गातली सत्रं आणि शाळाभर मोहीम, काहींत फक्त मोहीम आणि काहींत काहीच नाही, अशी तुलना त्यात ठेवली होती. जिथे वर्गात बसून बोलणं झालं तिथे मुलामुलींच्या बरोबरीबद्दलची मतं स्पष्टपणे सुधारली. मारहाण, चिडवणं कमी झालं का, याचं चित्र मात्र तितकं स्वच्छ नव्हतं. हरियाणात 314 सरकारी शाळांपैकी काहींमध्ये ब्रेकथ्रू संस्थेचा कार्यक्रम अडीच वर्षं चालला. कोणत्या शाळांत तो घ्यायचा हे सोडतीने ठरवलं होतं. तिथेही मतं बदलली, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. वागण्यातला बदल मुलांमध्ये मुलींपेक्षा अधिक दिसला. घरात झाडू हातात घ्यायला मुलाला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीला मात्र मत बदललं तरी एकटीने बाहेर पडायला घरच्यांचा होकार लागतो.

इथेच आपल्या विषयाची खरी मेख आहे. मत बदलणं आणि मन स्वस्थ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मुलगा-मुलगी समान आहेत’ या वाक्यापुढे बरोबरची खूण करणाऱ्या मुलीला रात्री झोप लागते की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही. उलट, घरातली जी वागणूक तिला कालपर्यंत रीत वाटत होती ती अन्याय म्हणून दिसू लागली आणि बदलण्याची ताकद मात्र हाती आली नाही, तर काही काळ तिची घुसमट वाढूही शकते. म्हणून शाळेतल्या कार्यक्रमांचे अहवाल वाचताना नेहमी पाहावं की मोजलं काय. बहुतेक ठिकाणी सत्र संपल्यावर ‘किती समजलं’ विचारलेलं असतं आणि त्यावरूनच कार्यक्रम यशस्वी ठरवलेला असतो.

मन स्वस्थ होतं का, हे थेट मोजणारी भारतातली सर्वांत बोलकी चाचणी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातली आहे. संगाथ या संस्थेने सुमारे 75 सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या. एका गटात बाहेरून नेमलेला, प्रशिक्षण दिलेला समुपदेशक पूर्णवेळ शाळेत बसला. दुसऱ्या गटात तेच काम शाळेच्याच शिक्षकाकडे दिलं आणि तिसऱ्या गटात नेहमीसारखं चालू ठेवलं. 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेले निकाल विचार करायला लावणारे आहेत. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत नेहमीच्या शाळांपेक्षा काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, राज्य तेच, मुलं तशीच. चालवणारा माणूस तेवढा बदलला. आपल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाचा सगळा भार दोन शिक्षकांवर आहे हे ध्यानात घेतलं, तर हा निकाल कुणालाही अस्वस्थ करील. यात शिक्षकांची निंदा नाही. ज्याच्या हातात गुणपत्रक आणि हजेरीपट आहे त्याच्यापुढे पोर मन मोकळं करत नाही, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं अंगावर असलेल्या शिक्षकाला त्यासाठी वेळही उरत नाही.

परदेशातले दाखलेही दोन्ही बाजूंचे आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 20 शाळांपैकी काहींमध्ये नववीच्या मुलांना नात्यांबद्दल शिकवून अडीच वर्षांनी विचारलं, तेव्हा प्रेमसंबंधात जोडीदाराला मारहाण केल्याचं प्रमाण शिकवलेल्या शाळांत 7.4 टक्के आणि इतर शाळांत 9.8 टक्के निघालं. फरक मुख्यतः मुलांमध्ये होता. दुसरीकडे ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मन एकाग्र करण्याच्या प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली आणि 2022 मध्ये निकाल आला की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याने काही अधिक साधलं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शाळांमध्ये भावना हाताळण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम हजारावर मुलांच्या चाचणीत तपासला, तर तो संपल्यासंपल्या तो घेतलेल्या मुलांचं आईवडिलांशी नातं थोडं बिघडलेलं आणि चिंता, उदासी वाढलेली आढळली. तो कार्यक्रम उपचारात उपयोगी ठरलेल्या तंत्रावरच बेतलेला होता. ‘चांगलंच तर शिकवतोय, त्याची परीक्षा कशाला’ या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने शिकवलेल्या गोष्टीनेही पोरांचं थोडं बिघडू शकतं, आणि मोजल्याशिवाय ते दिसत नाही.

मोजायचं म्हणजे आधी विचारायचं आणि नंतर विचारायचं, एवढं पुरेसं वाटतं. वऱ्हाडात तर ते अजिबात पुरत नाही. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, जुलैत पोरं ताजीतवानी असतात. मग सोयाबीन निघतं, कापूस वेचणीला सुरुवात होते, हजेरी विरळ होते. पिकाचं जे झालं असेल त्याचा ताण दिवाळीपर्यंत घराघरात उतरतो, आणि फेब्रुवारीत परीक्षा उंबरठ्यावर येते. अकोल्यात शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचा ताण तर वर्षभर चढताच असतो. जुलैत आणि फेब्रुवारीत तीच प्रश्नावली दिली, तर तुमचा तास उत्तम असूनही आकडे घसरलेले दिसतील. पीक भरघोस आलं तर काहीही न शिकवता ते वाढलेले दिसतील. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नवं वाण तपासताना शेजारीच जुन्या वाणाचे वाफे लावतात, आणि कुठला वाफा कुठे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. त्यामुळे पाऊस दोघांवर सारखाच पडतो आणि उरलेला फरक वाणाचा असतो. शाळांच्या बाबतीतही याला दुसरा मार्ग नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. इथल्या खेड्यांत मनाविषयीचे प्रश्न घरोघर जाऊन विचारता येतात आणि लोक उत्तरं देतात, हे त्या कामाने सिद्ध केलं. पण ती मोजणी आधी आणि नंतर अशी होती, सोबत तुलनेची गावं नव्हती. एवढी मोठी वाढ केवळ हवामानाने होत नाही म्हणून तिथे ते चालून गेलं. नात्यांच्या तासाचा परिणाम झालाच तर लहान असेल, आणि लहान परिणाम तुलनेवाचून सापडत नाही.

मग करायचं कसं? अमरावतीचे 14 तालुके आणि अकोल्याचे 7, असे 21. प्रत्येक तालुक्यातून साधारण सारख्या दोन शाळा घ्या आणि त्या दोघींपैकी यंदा कुणी सुरुवात करायची हे तालुक्याच्या ठिकाणी, सर्वांसमक्ष चिठ्ठी टाकून ठरवा. उरलेल्या 21 शाळांत तोच तास पुढच्या वर्षी सुरू होईल. काही मुलांना वंचित ठेवता का, हा आक्षेप इथे आपोआप सुटतो. सगळ्या शाळांना एकाच वर्षी पुरतील इतके प्रशिक्षित लोक तसेही नसतात. कुणीतरी आधी आणि कुणीतरी नंतर हे ठरलेलंच आहे. ते ओळखीने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरावं. 42 शाळा हा आकडाही उगाच नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून एका शाळेतल्या पाचशे मुलांपेक्षा चाळीस शाळांतली प्रत्येकी पन्नास-साठ मुलं अधिक सांगतात. एक शाळा विरुद्ध दुसरी शाळा या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही; तो फरक मुख्याध्यापकांचाही असू शकतो. नववीचा वर्ग घ्या, कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचा. दहावी-बारावीला हात लावू नका.

प्रश्न तीन वेळा विचारा: जुलैत, फेब्रुवारीत आणि पुन्हा पुढच्या जुलैत, दुसऱ्या तुकडीच्या शाळांत तास सुरू होण्याआधी. दोन्ही गटांत त्याच आठवड्यात. तिसरी फेरी सोडू नका, कारण सत्रं संपल्यावरचा उत्साह ओसरल्यानंतर काय उरलं ते तिथेच कळतं. मन:स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची पट्टी शाळेला झेपेल अशी आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात रस वाटेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज चारने गुणली की शंभरपैकी आकडा येतो. तिच्या जोडीला नात्यांविषयी मोजके ठोस प्रश्न हवेत: गेल्या महिन्यात कुणी तुमचा फोन जबरदस्तीने तपासला का, तुम्ही कुणाचा तपासला का, त्रास झाला तेव्हा कुणा मोठ्या माणसाला सांगितलं का. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत. त्याच दिवशी मुलाशी बोलू शकेल असा प्रशिक्षित माणूस जवळ नसेल, तर त्या वापरू नका. उत्तर घेऊन कागद कपाटात ठेवणं हा त्या मुलाशी केलेला द्रोह होईल.

पोरं खरं सांगतील का, ही शंका रास्त आहे. शिकवणारा स्वतःच विचारू लागला तर नाहीच सांगणार. शिकवलेलं उत्तरच परत देतील. म्हणून विचारायला बाहेरचं कुणी यावं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी याला योग्य आहेत, आणि कोणती शाळा कोणत्या गटातली हे त्यांना न सांगणं उत्तम. कागदावर नाव नको. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा आकडा, भावंडांची संख्या अशी खूण मुलाने स्वतः घालावी, म्हणजे तिन्ही वेळचे कागद जुळतात. हरियाणातल्या अभ्यासकांनी आणखी एक काळजी घेतली होती. समोरच्याला आवडेल ते बोलायची सवय कुणाला किती आहे, हेच त्यांनी वेगळ्या प्रश्नांनी तपासलं. शिवाय हुंड्याविरोधी निवेदनावर उघड सही करायची संधी देऊन मतं बोलण्यापुरती आहेत की काय, तेही पाहिलं. आपल्याला शाळेची हजेरी, तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या, अधेमधे शाळा सोडलेल्या मुलींची नोंद हे सगळं विनासायास मिळतं. त्याचा उपयोग करा. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत प्रश्न कोरकूतून विचारण्याची सोय करा आणि आधी दहा-वीस मुलांकडून ते कसे कळतात ते पाहून घ्या. छापील मराठीतला ‘प्रसन्न’ हा शब्दच कळला नाही, तर त्या उत्तराला अर्थ राहत नाही.

पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही लेखी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं बारा वर्षांवरच्या मुलांसाठी तेच सांगतात. अकोला किंवा अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे आराखडा ठेवा. एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी खरी खरी सांगा. अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं एखाद्या मुलाने समोर येऊन सांगितलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘कुणालाही सांगणार नाही’ असा खोटा शब्द देऊन मनातलं काढून घेऊ नका. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, दोन्ही गटांच्या शाळांत, 1098 हा मुलांसाठीचा आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मदतक्रमांक लावा. ही मदत कुणाच्या वाट्याला येणार, हे चिठ्ठीवर सोडायचं नाही.

पालकसभेत सर्वांत मोठा आक्षेप येईल तो निराळा: या बोलण्याने पोरं नको त्या वयात नको त्या वाटेला लागतील. याला चिडून उत्तर देऊ नये, कारण मागे भीती आहे आणि ती खोटी नाही. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाच्या औरंगाबाद) जिल्ह्यातल्या पाचोड इथे आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, तेव्हा त्या गावांत मुलींची लग्नं लवकर होण्याऐवजी लांबली. कार्यक्रमाच्या गावांत लग्नाचं मध्य वय सोळावरून सतरावर गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. नको त्या वयात वाट चुकण्याचं हे सर्वांत मोठं रूप आहे. तरीही पालकांची शंका पुराव्याने मिटते असं म्हणून पुढे जाऊ नका. ती चाचणीतच घ्या. आईवडिलांशी मोकळेपणाने बोलता येतं का, घरी खोटं बोलावं लागतं का, हे प्रश्न यादीत घाला आणि पालकांना सांगा की तुमच्या भीतीचं उत्तरही आम्ही मोजणार आहोत. सिडनीत बिघाड दिसला तो नेमका याच जागी.

खर्चाची सबब फार टिकणारी नाही. सुमारे अडीच हजार मुलं, प्रत्येकी तीन वेळा एक पाठपोट कागद, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचा प्रवास, आणि आकडे लावायला विद्यापीठातला एखादा संख्याशास्त्राचा प्राध्यापक. खरा खर्च शिकवणाऱ्या माणसावर करा. नालंदाचा निकाल पाहता, पाच-सहा शाळांना मिळून एक समुपदेशक नेमणं, तो आठवड्यातून ठरल्या दिवशी शाळेत असणं आणि किशोरवयीन मुलांसाठीच्या सरकारी ‘मैत्री’ क्लिनिकशी त्याचा रोजचा संबंध असणं, ही पहिली गरज आहे. शिक्षकांना त्याच्या सोबत ठेवा, त्याच्या जागी नको.

शेवटचं काम निकाल येण्याआधीचं आहे. किती फरक पडला तर तास पुढे चालवायचा, काहीच नाही पडला तर काय बदलायचं आणि कुठला आकडा घसरला तर थांबायचं, हे जुलैच्या पहिल्या फेरीआधी कागदावर लिहून सर्व 42 मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या. सरासरी एकच काढू नका. मुलगे-मुली, शहर-खेडी, आश्रमशाळा-इतर शाळा वेगवेगळ्या पाहा. मुलांचं सुधारलं आणि मुलींचं ढासळलं, तर एकत्र आकड्यात दोन्ही झाकलं जाईल. दुसऱ्या जुलैत निकाल आले की आधी मुलांना, मग पालकसभेत वाचून दाखवा, जसे असतील तसे. चांगले असतील तर त्याच आठवड्यात उरलेल्या 21 शाळांचं वेळापत्रक लावा. नसतील, तर समुपदेशकांना आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन सत्रं पुन्हा लिहायला बसा, आणि दुसऱ्या तुकडीच्या शाळांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगा.